म्हैसूरचा श्रीनाथ आणि घरोघरचे निवडकर्ते

म्हैसूर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजवाडा येतो, दसऱ्याची मिरवणूक येते, चंदन, रेशीम आणि तुपात निथळणारा म्हैसूरपाक येतो. निवृत्त माणसांनी शांतपणे राहावे असे हे शहर, अशी त्याची ख्याती. पण या शांत शहराचा पारा चढवणारी एक गोष्ट होती. भारताचा क्रिकेट संघ हरला आणि हरलेल्या अकरांत जवागल श्रीनाथचे नाव नसले, की म्हैसूरच्या कॉफी हॉटेलांत आवाज चढत. पुढे काळ असा आला, की संघ हरला आणि त्या अकरांत श्रीनाथ असला, तरीही आवाज चढू लागले. पहिल्या काळातला प्रश्न होता, ‘त्याला घेतले का नाही?’ दुसऱ्या काळातला प्रश्न होता, ‘त्याला एवढे राबवले का?’

हे दोन्ही प्रश्न विचारणारी माणसे तीच होती. आणि विशेष म्हणजे दोन्ही वेळा त्यांचे म्हणणे बरेचसे खरे होते.

इंजिनिअर मुलगा, वेगवान चेंडू

श्रीनाथचा जन्म ३१ ऑगस्ट १९६९ चा. शाळा म्हैसूरचीच, मरिमल्लप्पा हायस्कूल. पुढे म्हैसूरच्याच श्री जयचामराजेंद्र इंजिनिअरिंग कॉलेजातून त्याने इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी घेतली. मध्यमवर्गीय घरात ‘आधी शिक्षण, मग खेळ’ हा नियम महाराष्ट्रात आहे तसाच कर्नाटकातही आहे. अनिल कुंबळेही इंजिनिअरच. त्यामुळे मुलाच्या हातातली बॅट हिसकावून पुस्तक देणाऱ्या आईबापांना या दोघांनी एक वेगळेच संकट उभे करून ठेवले: दोन्ही होऊ शकते, असे मुले म्हणू लागली.

गुंडाप्पा विश्वनाथ यांनी त्याला एका क्लबच्या सामन्यात गोलंदाजी करताना पाहिले आणि त्याचे नाव पुढे केले. १९८९-९० च्या हंगामात कर्नाटकाकडून हैदराबादविरुद्ध पहिलाच रणजी सामना खेळताना त्याने हॅट्‌ट्रिक केली. अवघ्या दोन वर्षांत, नोव्हेंबर १९९१ मध्ये, ब्रिस्बेनच्या मैदानावर तो भारताचा कसोटी खेळाडू झाला.

ऑस्ट्रेलियातले सामने भारतात भल्या पहाटे सुरू होतात. म्हैसूरकर रेडिओला कान लावून बसले, यात नवल नव्हते. रेडिओशी या गावाचे नाते जुने आहे. ‘आकाशवाणी’ हा शब्द रेडिओ केंद्राला पहिल्यांदा मिळाला तो म्हैसुरातच. महाराजा कॉलेजातले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या घरी खासगी केंद्र सुरू केले होते, त्याचे हे नाव. तर त्या आकाशवाणीवरून म्हैसूरकरांनी जे ऐकले ते फारसे सुखाचे नव्हते. पाच कसोटींची ती मालिका भारत ०-४ असा हरला. श्रीनाथला पाच कसोटींत १० बळी मिळाले. आकडा मोठा नाही, पण भारताकडे खरोखरीचा वेग आला आहे, हे पाहणाऱ्यांना कळले होते.

जिंकणाऱ्या संघाला कोण बोलणार?

यानंतर जे घडले ते आजच्या पिढीला सांगितले तर खरे वाटणार नाही. कसोटी पदार्पणानंतर मायदेशातली पहिली कसोटी खेळायला श्रीनाथला तीन वर्षे थांबावे लागले!

कारण सगळ्यांना ठाऊक होते. नव्या चेंडूचा मान कपिलदेवचा. त्याच्या जोडीला मनोज प्रभाकर, जो फलंदाजीही करी. उरलेले काम कुंबळे, वेंकटपती राजू आणि राजेश चौहान या तीन फिरकी गोलंदाजांचे. कर्णधार महंमद अझरुद्दीन आणि व्यवस्थापक अजित वाडेकर यांनी ही घडी बसवली आणि ती अशी काही चालली, की १९९३ च्या सुरुवातीपासून १९९४ च्या फेब्रुवारीपर्यंत मायदेशातल्या सातही कसोटी भारताने जिंकल्या. इंग्लंड ३-० ने गेले, झिंबाब्वे गेले, श्रीलंकाही ३-० ने गेले. जिंकणाऱ्या संघात बदल करा, असे म्हणणारा माणूस वेडा ठरतो. म्हैसूरकर ते वेड पत्करून बसले होते.

त्यांचा युक्तिवाद साधा होता. कपिल मोठाच, त्यात वाद नाही. पण रिचर्ड हॅडलीचा ४३१ बळींचा विक्रम मोडण्यासाठी तो खेळतो आहे. एकेक दोनदोन बळी मिळवत तो तिथे पोचेल, पण तोवर बाविशी-पंचविशीतला आपला मुलगा राखीव खेळाडूंत बसून पाणी वाहतो आहे. वेगवान गोलंदाजाची ही वर्षे परत येतात का?

त्यावर दुसऱ्या बाजूचे उत्तर ठरलेले असे. १९८३ चा विश्वचषक ज्याने आणला, त्याला चार बळींसाठी घरी बसवायचे? आणि भारतातल्या धुळीच्या खेळपट्ट्यांवर वेगवान गोलंदाजाचे काम तरी काय! चेंडूची लकाकी घालवायची आणि तो फिरकीवाल्यांच्या हाती द्यायचा. हे काम कपिल आणि प्रभाकर करतातच की.

या वादात एक गंमत होती, आणि ती म्हैसूरकरांना चांगलीच बोचत असे. त्या काळात राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष होते गुंडाप्पा विश्वनाथ. म्हणजे ज्यांनी श्रीनाथला हेरले, तेच! त्यांच्यावर राग धरायचा कसा? शिवाय समिती श्रीनाथचे नाव संघात घालीतही असे. शेवटचे अकरा मात्र मैदानावर ठरत. त्यामुळे विश्वनाथ यांना वगळून बाकी सगळ्यांवर राग काढण्याची सोय होती, आणि ती मनसोक्त वापरली गेली. निवड समितीवर पाच विभागांचे पाच सदस्य. त्यामुळे ‘उत्तरेचा’ आणि ‘दक्षिणेचा’ हा रंग वादाला चढायला वेळ लागत नसे. मुंबईकरांनी या बाबतीत कोणाला नावे ठेवू नयेत. मुंबईचा खेळाडू वगळला गेला, की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर काय बोलले जाते, ते आपण ऐकलेच आहे.

कपिलने जानेवारी १९९४ मध्ये बंगळूरला हॅडलीशी बरोबरी केली आणि ८ फेब्रुवारीला अहमदाबादच्या मोटेरा मैदानावर ४३२ वा बळी घेतला. देशभर आनंद झाला. म्हैसुरातही झाला असणारच, पण त्या आनंदात एक सुस्काराही होता. ४३४ बळींवर कपिल थांबला.

१९९४ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या वानखेडे मैदानावर वेस्ट इंडीजविरुद्ध श्रीनाथ मायदेशातली पहिली कसोटी खेळला. तो आता पंचवीस वर्षांचा होता. दुसऱ्या डावात त्याने फलंदाजीत ६० धावा काढल्या, मग चेंडू हाती घेऊन बळी घेतले आणि भारत ९६ धावांनी जिंकला.

तरीही ‘भारतीय खेळपट्टीवर वेगाचा उपयोग नाही’ या मुद्द्याचा खरा निकाल लागला तो आणखी दोन वर्षांनी. मैदान तेच, मोटेराचे. नोव्हेंबर १९९६. दक्षिण आफ्रिकेला जिंकायला १७० धावा हव्या होत्या. श्रीनाथने २१ धावांत ६ बळी घेतले. पाहुणे १०५ धावांत संपले. ज्या मैदानावर आपल्या ज्येष्ठाचा विक्रम त्याने मैदानाबाहेरून पाहिला, तिथेच त्याने एकट्याने कसोटी फिरवली.

त्याच्या आधीच महिन्यात, २१ ऑक्टोबर १९९६ ला, बंगळूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध सचिन तेंडुलकर ८८ वर बाद झाल्यावर सामना गेलाच असे लोकांनी धरले होते. मग हे दोन इंजिनिअर नवव्या जोडीला उभे राहिले. श्रीनाथ आणि कुंबळे यांनी नाबाद ५२ धावा जोडून सामना जिंकून दिला. घरच्या लोकांपुढे! कर्नाटकातल्या कट्ट्यांवर हा सामना अजून चेंडू-चेंडू सांगितला जातो.

आता दुसरा प्रश्न

संघात जागा पक्की झाली आणि दुसरेच संकट उभे राहिले. कपिल आणि प्रभाकर दोघेही गेल्यावर वेगाचा सगळा भार एका खांद्यावर आला. १९९५ मध्ये श्रीनाथ इंग्लंडमध्ये ग्लूस्टरशायर कौंटीकडून खेळला आणि एका हंगामात त्याने ८७ बळी घेतले. बळी ८७ म्हणजे त्यामागे टाकलेली षटके किती, याचा हिशेब गृहिणीसुद्धा करू शकेल. पाठोपाठ १९९६ चा विश्वचषक, इंग्लंडचा दौरा, टायटन चषक, घरची मालिका, आणि वर्षअखेरीस दक्षिण आफ्रिका. तिथे डर्बनला भारताचे दोन डाव १०० आणि ६६ धावांत आटोपले. वेंकटेश प्रसादने त्या सामन्यात १० बळी घेतले होते. गोलंदाजांनी कमवायचे आणि फलंदाजांनी उधळायचे, हा संसार असा चालला होता.

१९९७ च्या सुरुवातीला श्रीनाथचा खांदा निकामी झाला. शस्त्रक्रिया करावी लागली. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर तो खेळू शकला नाही. त्या दौऱ्यात बार्बाडोसच्या कसोटीत भारताला जिंकायला फक्त १२० धावा हव्या होत्या आणि संघ ८१ धावांत कोसळला. दोष अर्थात फलंदाजांचा. पण म्हैसूरमध्ये बोलले गेले ते असे: श्रीनाथ असता तर लक्ष्य १२० तरी असते का?

याला उत्तर नाही. ‘असता तर’ या दोन शब्दांवरच तर क्रिकेटच्या गप्पा चालतात.

खांदा बरा झाला, श्रीनाथ परतला. वेग थोडा कमी झाला, पण शहाणपण वाढले, असे जाणकार म्हणू लागले. आणि मग आली फेब्रुवारी १९९९ ची कोलकात्याची कसोटी. समोर पाकिस्तान. पहिल्या सकाळी पाकिस्तानची अवस्था ६ बाद २६! श्रीनाथने पहिल्या डावात ४६ धावांत ५ आणि दुसऱ्या डावात ८६ धावांत ८ बळी घेतले. सामन्यात १३२ धावांत १३ बळी. एवढे करून भारत ४६ धावांनी हरला. पराभूत संघातल्या गोलंदाजाची ही कसोटीतली तोवरची सर्वोत्तम कामगिरी ठरली. असा विक्रम आपल्या नावावर असावा असे कोणाला वाटेल?

त्या सामन्यात शोएब अख्तरशी टक्कर होऊन सचिन धावबाद झाला, प्रेक्षक भडकले, आणि शेवटी प्रेक्षागार रिकामे करून उरलेला खेळ पुरा करावा लागला. तीनच वर्षांपूर्वी, मार्च १९९६ मध्ये, याच ईडन गार्डनवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात असेच झाले होते. तेव्हाही श्रीनाथने पहिल्याच षटकात कालुवितरणा आणि जयसूर्या या दोघांना परत धाडले होते. पण श्रीलंकेने २५१ धावा केल्या. मग १ बाद ९८ वरून भारत ८ बाद १२०, जाळपोळ, बाटल्यांचा वर्षाव, आणि सामना श्रीलंकेला बहाल. अझरुद्दीनने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण का घेतले, हा प्रश्न आजही दोन समवयस्क माणसांना तासभर गुंतवून ठेवू शकतो.

जिथे राग रग्बीवर निघतो

आपल्याकडेच माणसे अशी वेडी होतात, असे समजण्याचे कारण नाही. न्यूझीलंड हा पन्नासेक लाख वस्तीचा देश. आपल्याकडे क्रिकेटचे जे, ते तिथे रग्बीचे. आपल्याकडे रग्बी मुंबईच्या बॉम्बे जिमखान्यावर, पुण्यात, कोलकात्यात खेळली जाते, पण आपला रग्बी संघ हरला म्हणून कोणी पुतळे जाळत नाही. न्यूझीलंडच्या ‘ऑल ब्लॅक्स’ संघाचे तसे नाही. २००७ च्या विश्वचषकाआधी प्रशिक्षक ग्रॅहॅम हेन्री यांनी २२ प्रमुख खेळाडूंना देशातल्या मोठ्या स्पर्धेच्या पहिल्या टप्प्यात खेळूच दिले नाही. शरीर कमवा, विश्रांती घ्या, असे सांगितले. संघही ते सामन्यागणिक बदलत. आणि ऑक्टोबर २००७ मध्ये कार्डिफला हा बलाढ्य संघ उपांत्यपूर्व फेरीतच फ्रान्सकडून १८-२० असा हरला. देश खवळला. एवढी विश्रांती दिलीत, म्हणून खेळाडूंचा सराव तुटला, असा आरोप झाला. रॉबी डीन्स यांना आणा, अशी मोठी मागणी होती. मंडळाने मात्र हेन्री यांनाच पुन्हा नेमले. लोकांनी आणखी आरडाओरडा केला. २०११ मध्ये ऑकलंडच्या अंतिम सामन्यात त्याच फ्रान्सला ८-७ असे एका गुणाने हरवून हेन्री यांच्या संघाने विश्वचषक जिंकला.

म्हणजे खेळाडूला राबवला तरी शिव्या, विश्रांती दिली तरी शिव्या. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात जसप्रीत बुमराह पाचांपैकी तीनच कसोटी खेळणार, हे आधी ठरवले गेले आणि आपल्याकडे घरोघर त्यावरून भांडणे झाली. भारताने त्या मालिकेत जिंकलेल्या दोन्ही कसोटी नेमक्या बुमराह नसतानाच्या निघाल्या, तेव्हा तर वादाला आणखी फोडणी मिळाली. पण श्रीनाथच्या खांद्याचे काय झाले हे ज्यांनी पाहिले, त्यांना बुमराहला जपण्यामागचे कारण समजावून सांगावे लागत नाही. श्रीनाथच्या काळात जपण्याची पद्धतच नव्हती. होता तो एकच नियम: चालतो आहे तोवर चालवा.

शेवटचा विश्वचषक

२००२ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यानंतर श्रीनाथने कसोटीतून निवृत्ती जाहीर केली. कर्णधार सौरव गांगुलीने त्याचे मन वळवले आणि तो परत आला. वर्षअखेरीस न्यूझीलंडमध्ये भारत दोन्ही कसोटी हरला. हॅमिल्टनला दोन डावांत ९९ आणि १५४ धावा झाल्या. सात एकदिवसीय सामन्यांपैकी पाच गेले. त्या सात सामन्यांत तेहेतिशीतल्या श्रीनाथने १८ बळी घेतले.

विश्वचषक महिन्यावर आला होता आणि संघ असा. त्यात व्ही. व्ही. एस. लक्ष्मणला वगळून दिनेश मोंगियाला घेतलेले. राहुल द्रविड यष्टिरक्षण करणार. तो मराठी बोलणाऱ्या घरातला, इंदूरला जन्मलेला, बंगळूरला वाढलेला, त्यामुळे त्याच्यावर दोन राज्यांचा जीव. वादाला विषय कमी नव्हते. १५ फेब्रुवारी २००३ ला सेंचुरियनवर ऑस्ट्रेलियाने १२५ धावांत गुंडाळून नऊ गडी राखून हरवले, तेव्हा वाद घरातून रस्त्यावर आला. अलाहाबादला महंमद कैफच्या घराला काळे फासले गेले. पुतळे जळले. अखेर सचिनला जाहीरपणे सांगावे लागले, की धीर धरा.

त्यानंतर भारताने सलग आठ सामने जिंकले. श्रीलंकेला जोहान्सबर्गला १०९ धावांत उखडताना श्रीनाथने ३५ धावांत ४ बळी घेतले. रस्त्यावर उतरलेली हीच मंडळी आता फटाके आणायला धावली.

२३ मार्चला अंतिम सामना, पुन्हा ऑस्ट्रेलिया. गांगुलीने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले. कुंबळे अकरांत नव्हता. पसंती हरभजनला होती. ऑस्ट्रेलियाने २ बाद ३५९ धावा केल्या. श्रीनाथची दहा षटके, ८७ धावा, बळी एकही नाही. भारत १२५ धावांनी हरला. श्रीनाथचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला.

म्हैसुरात मग पुन्हा दोन तट पडले. एक म्हणे, नाणेफेकीचा निर्णय चुकला, कुंबळेला बसवणे चुकले, त्यात श्रीनाथचा काय दोष? दुसरा म्हणे, स्वतःच निवृत्त व्हायला निघालेल्या माणसाला परत बोलावले ते कशाला, असा निरोप घडवायला? पहिला तट लगेच आठवण करून देई, की परत आला नसता तर संघ अंतिम फेरीला तरी कुठे पोचला असता! ६७ कसोटींत २३६ बळी, २२९ एकदिवसीय सामन्यांत ३१५ बळी, चार विश्वचषकांत मिळून ४४ बळी. वाया गेलेली सुरुवातीची वर्षे यात कोणी मिळवून दाखवावीत, असे आव्हान तिथले जुने शौकीन देतात, आणि कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसणारेही निघतात.

२००६ पासून श्रीनाथ आयसीसीचा सामनाधिकारी म्हणून काम करू लागला. खेळाडूंना शिस्त लावायची, दंड करायचा. मधल्या काळात त्याच्या गावाने एक मोठा सामना पाहिला. जानेवारी २०१० मध्ये रणजी करंडकाचा अंतिम सामना म्हैसूरच्या गंगोत्री ग्लेड्स मैदानावर झाला, कर्नाटक विरुद्ध मुंबई. लोक लोटले. कर्नाटकाला ३३८ धावा हव्या होत्या. मनीष पांडेने १४४ धावा केल्या आणि म्हैसूरकरांनी करंडक जवळजवळ घरी नेला होता. मुंबई अवघ्या सहा धावांनी जिंकली! म्हैसूर-बंगळूर भागात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी घरे आहेत. त्यांनी त्या दिवशी टाळी कोणत्या बाजूने वाजवायची, हा प्रश्न नाजूक होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात कर्नाटक क्रिकेट संघटनेच्या निवडणुकीत कुंबळे अध्यक्ष झाला आणि श्रीनाथ सचिव. ‘त्याला का घेतले नाही?’ हा प्रश्न म्हैसूरकरांनी वीस वर्षे इतरांना विचारला होता. आता राज्याच्या संघाबद्दल तो विचारायचा, तर श्रीनाथलाच! लोकांनी तो विचारलाही. २०१३ पर्यंत दोघांनी तो कारभार पाहिला. त्यानंतर लगेच, फेब्रुवारी २०१४ मध्ये, विनयकुमारच्या नेतृत्वाखाली कर्नाटकाने रणजी करंडक जिंकला. हैदराबादच्या त्या अंतिम सामन्यात समोर होता महाराष्ट्र. हंगामात केदार जाधवने हजाराच्या वर धावा केल्या होत्या, तरीही सात गडी राखून पराभव झाला. त्या आठवड्यात नेमके कोणाचे चुकले आणि अकरांत कोण असायला हवे होते, याची चर्चा करण्याची पाळी पुणेकरांची होती.